भिंतीपलीकडच्या माणसाशी बोलताना : 'ला नोचे दे दोसे आन्योस'

उरुग्वेचे दिग्दर्शक अल्वारो ब्रेचनर यांचा 'ला नोचे दे दोसे आन्योस', म्हणजे 'बारा वर्षांची रात्र', हा २०१८ सालचा स्पॅनिश चित्रपट लष्करी राजवटीने एकांतवासात डांबलेल्या तीन राजकीय कैद्यांची खरी हकीकत सांगतो. त्या तिघांपैकी होसे मुहिका हे पुढे त्याच देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यामुळे या चित्रपटाची ओळख बहुतेक ठिकाणी 'मुहिकांचा चित्रपट' अशीच करून दिली जाते. मला ती ओळख अपुरी वाटते. माणसाचे बोलणे काढून घेतले तर त्याच्या मनाचे काय होते, हा या चित्रपटाचा खरा विषय आहे. ब्रेचनर जोवर या प्रश्नाला धरून राहतात, तोवर त्यांचा चित्रपट तुरुंगावरच्या चित्रपटांत क्वचितच आढळणारी उंची गाठतो, आणि तो प्रश्न सोडून ते प्रेक्षकाला दिलासा देऊ पाहतात तेव्हा तो सामान्य पातळीवर उतरतो.

ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यामध्ये वसलेल्या उरुग्वेची लोकसंख्या त्या काळी तीस लाखांच्याही आत होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या देशाने आठ तासांच्या कामाचा कायदा, मोफत शिक्षण, निवृत्तिवेतन अशा सुधारणा केल्या होत्या आणि लॅटिन अमेरिकेतील सर्वांत स्थिर लोकशाही म्हणून त्याचा लौकिक होता. पुढे लोकर आणि मांस यांच्या निर्यातीचे उत्पन्न घटले, महागाई वाढली, संप आणि दडपशाही यांचे चक्र सुरू झाले. त्याच काळात उत्तरेकडील ऊसतोड मजुरांना संघटित करणारे राउल सेंदिक आणि त्यांचे साथीदार यांनी 'तुपामारोस' ही सशस्त्र भूमिगत संघटना उभी केली. सप्टेंबर १९७१ मध्ये राजधानी मॉन्टेव्हिडिओच्या पुंता कारेतास तुरुंगातून १११ कैदी भुयार खणून पळाले, आणि त्यांतील बहुतेक सर्व याच संघटनेचे होते. मात्र १९७२ च्या अखेरीपर्यंत लष्कराने संघटना मोडून काढली होती आणि तिचे नेते तुरुंगात होते. २७ जून १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष बोर्दाबेरी यांनी लष्कराच्या पाठिंब्याने संसद बरखास्त केली. ज्या बंडखोरांचे कारण पुढे करून लोकशाही गुंडाळण्यात आली, ते बंडखोर त्यापूर्वीच पराभूत झालेले होते, हा कालक्रम चित्रपट पाहणाऱ्याने आधीच लक्षात ठेवलेला बरा, कारण चित्रपट तो सांगत नाही.

७ सप्टेंबर १९७३ च्या रात्री लिबेर्ताद येथील लष्करी तुरुंगातून नऊ नेत्यांना बाहेर काढण्यात आले. त्यांचे तीन-तीनांचे गट करून त्यांना देशभरातील लष्करी छावण्यांमध्ये विखरून ठेवण्यात आले, आणि संघटनेने बाहेर कोणतीही कारवाई केल्यास यांना ठार मारले जाईल असे जाहीर झाले. तेव्हापासून त्यांची गणना कैद्यांत न होता ओलिसांत होऊ लागली. चित्रपटाची सुरुवात याच रात्रीपासून होते. सैनिकांचे बूट, दरवाजे, आरडाओरडा आणि मारहाण यांच्यामधून कॅमेरा सावकाश फिरत राहतो, आणि नेमके काय चालले आहे हे प्रेक्षकाला कळते न कळते तोच पात्रांच्या डोक्यावर चेहरा झाकणाऱ्या कापडी टोप्या चढवल्या जातात. तेथून पुढे मुहिका, मौरिसियो रोसेनकोफ आणि एलेउतेरियो फर्नांदेस उइदोब्रो या तिघांबरोबर आपणही एका छावणीतून दुसऱ्या छावणीत नेले जातो. वाटेतला प्रदेश, गावे, ऋतू यांतले जवळजवळ काहीच आपल्याला दिसत नाही, आणि काही वेळाने छावण्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखूही येईनाशा होतात. या तिघांच्या बाबतीत हे साडेअकरा वर्षे चालले. पटकथेने या काळाला बाहेरून आकार देण्याचा खटाटोप फारसा केलेला नाही. पडद्यावर अधूनमधून उमटणारा दिवसांचा आकडा सोडला, तर काळ पुढे सरकल्याचे आपल्याला वाढलेल्या दाढीवरून, खोल गेलेल्या डोळ्यांवरून आणि पहारेकऱ्यांच्या बदललेल्या चेहऱ्यांवरूनच कळत जाते.

कैद्यांनी कुणाशी बोलायचे नाही आणि सैनिकांनीही त्यांच्याशी बोलायचे नाही, हा या एकांतवासातला पहिला नियम आहे. या माणसांना वेळीच मारता आले नाही, तेव्हा आता त्यांना वेडे करायचे, असा हेतू लष्करी अधिकारी चित्रपटात उघडपणे बोलून दाखवतो. सेसार त्रोन्कोसो यांनी हा अधिकारी आवाज न चढवता, सरकारी सूचना वाचून दाखवावी अशा सुरात उभा केला आहे, आणि म्हणूनच त्याची भीती अधिक वाटते. शारीरिक छळ चित्रपटात आहे, परंतु ब्रेचनर त्यावर रेंगाळत नाहीत. तो निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो. छळाची दृश्ये लांबवली की प्रेक्षकाचे लक्ष मारणाऱ्याच्या क्रौर्याकडे वळते आणि सोसणाऱ्याचे मन झाकोळून जाते. येथे कॅमेरा त्या मनाच्या शेजारी बसून राहतो.

या चित्रपटातील सर्वोत्तम भाग भिंतीवरच्या टकटकीचा आहे. शेजारच्या कोठड्यांत असलेले रोसेनकोफ आणि उइदोब्रो भिंतीवर बोटांच्या सांध्यांनी ठोके देऊ लागतात. अक्षराचा वर्णमालेतील क्रमांक ठोक्यांनी मोजायचा, अक्षरामागून अक्षर जोडायचे आणि शब्द तयार करायचा, अशी ही रीत आहे. पलीकडच्या माणसाला ही युक्ती आधी समजावून सांगण्याचे कोणतेही साधन नसते. एकाने ठोकत राहायचे आणि दुसऱ्याने केवळ विचाराच्या बळावर ती उलगडायची. पहिला शब्द भिंतीपार पोचतो त्या क्षणाला ब्रेचनर यांनी पुरेसा वेळ दिला आहे, आणि रोसेनकोफ झालेले चिनो दारिन आणि उइदोब्रो झालेले आल्फोन्सो तोर्त यांच्या चेहऱ्यांवर आधी अविश्वास, मग घाई, मग अनावर आनंद कसा पसरत जातो हे पाहण्यासारखे आहे. पुढे हे दोघे ठोक्यांनीच बुद्धिबळ खेळतात, एकमेकांना चिडवतात, वाद घालतात. ध्वनिसंकलन येथे अतिशय जपून केलेले आहे. किल्ल्यांचा जुडगा, दूरवरचा रेडिओ, पाण्याचा थेंब, बुटांची चाल हे सर्व आवाज इतके स्पष्ट ऐकू येतात की काही वेळाने आपणही डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबू लागतो. हा चित्रपट शक्यतो कानाला लावायच्या चांगल्या हेडफोनवर किंवा शांत खोलीत पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

या टकटकीला खऱ्या आयुष्यातील आधार आहे. सुटकेनंतर रोसेनकोफ आणि उइदोब्रो यांनी आपल्या बंदिवासाच्या आठवणी संवादाच्या रूपात 'मेमोरियास देल कालाबोसो' या ग्रंथात नोंदवल्या, आणि चित्रपटाची पटकथा मुख्यतः त्यावर बेतलेली आहे. याच पटकथेला रूपांतरित पटकथेचे स्पेनमधील गोया पारितोषिक मिळाले. अंदमानच्या कोठडीत कागद-लेखणीवाचून भिंतीवर कोरलेल्या आणि मग पाठ करून जपलेल्या कवितांची हकीकत ज्या मराठी वाचकाने शाळेपासून ऐकली आहे, त्याला रोसेनकोफ यांची धडपड परकी वाटणार नाही. रोसेनकोफ हे नाटककार आणि कवी होते, आणि कोठडीतही त्यांचे हेच कसब त्यांच्या कामी आले.

चित्रपटात एका सार्जंटला प्रेमपत्र लिहायचे असते आणि शब्द सुचत नसतात. कोठडीत लेखक आहे हे कळल्यावर तो रोसेनकोफ यांच्याकडून पत्रे लिहून घेऊ लागतो, आणि कैद्याशी बोलू नये हा नियम त्या पत्रांपुरता मोडला जातो. या प्रसंगात विनोद आहे, पण तो सार्जंटची टर उडवणारा नाही. पत्र वाचताना त्याचा चेहरा बदलतो, आवाज खाली येतो, आणि आपल्या हाती असलेल्या माणसाची आपल्याला गरज आहे हे त्याच्या ध्यानात येते. लष्करी यंत्रणेतील खालच्या पायरीवरच्या माणसांकडे इतक्या न्यायबुद्धीने पाहणारे चित्रपट थोडेच आहेत. यांतील अनेक सैनिक गरीब घरांतून आलेली, जेमतेम लिहिता-वाचता येणारी मुले आहेत, आणि आपण कुणाला का डांबले आहे हे त्यांनाही नीट माहीत नाही. त्यांना निर्दोष ठरवण्याची घाई चित्रपट करत नाही, आणि त्यांना राक्षस करून आपले काम सोपे करण्याचेही टाळतो.

याच दृष्टीने शौचकूपातला प्रसंग महत्त्वाचा आहे. कैद्याच्या हातातली बेडी अशा ठिकाणी अडकवलेली असते की त्याला खाली बसताच येत नाही. पहारेकऱ्याला बेडी काढण्याचा अधिकार नाही, म्हणून तो वरिष्ठाला बोलावतो, वरिष्ठ त्याच्या वरिष्ठाला बोलावतो, आणि गणवेशातली माणसे एकामागून एक येऊन त्या अडचणीवर गंभीरपणे विचार करू लागतात. चित्रपटगृहात या प्रसंगाला हशा पिकणार, यात शंका नाही. पण तो हशा ओसरताना लक्षात येते की या माणसाच्या शरीराचा सर्वांत साधा धर्मही आता हुद्द्यांच्या उतरंडीतून मंजूर होऊन यावा लागतो. हुकूमशाही कशी चालते याबद्दल हा प्रसंग जे सांगतो, ते भाषणांतून सांगायला बराच वेळ लागला असता.

मुहिकांचा धागा मात्र वेगळ्या पोताचा आहे आणि माझ्या मते तो तितका घट्ट विणलेला नाही. मुहिका हे त्या आठवणींच्या ग्रंथाचे लेखक नव्हते, आणि चित्रपटातही ठोक्यांचे ते सोबतीपण त्यांच्या वाट्याला येत नाही. त्यांना आवाज ऐकू येऊ लागतात. आपल्यावर पाळत ठेवणारे यंत्र कुठेतरी बसवले आहे, अशी त्यांची खात्री होते. आन्तोनियो दे ला तोरे या स्पॅनिश अभिनेत्याने हे मनाचे ढासळणे अत्यंत संयमाने दाखवले आहे. भूमिकेसाठी वजन घटवल्याचे दिसतेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ऐकत असल्याचा अभिनय. समोर कुणी नसताना ते ज्या सावधपणे मान वळवतात, त्यावरून त्यांच्या कानांत काय चालले असेल याचा अंदाज येतो. अडचण अशी आहे की दिग्दर्शक या अभिनयावर पुरेसा विश्वास टाकत नाहीत. वाढत जाणारा कर्कश आवाज, झपाट्याने बदलणारी दृश्ये, भासमान माणसे यांची भर घालून ते जे आधीच कळलेले असते ते पुन्हा समजावून सांगतात. लष्करी रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच्या छोट्या भूमिकेत सोलेदाद वियामिल येतात, आणि दोन माणसे समोरासमोर बसून साध्या वाक्यांत बोलतात तेव्हा हा धागा पुन्हा सावरतो. बराच काळ कुणी सरळ प्रश्नच विचारलेला नसलेल्या माणसाला प्रश्न विचारला गेला की काय होते, हे दे ला तोरे यांनी त्या एका प्रसंगात दाखवून दिले आहे.

मुहिकांच्या आईची भूमिका मिरेया पास्कुआल यांनी केली आहे. मुलाला कोणत्या छावणीत हलवले हे शोधत फिरणारी, अधिकाऱ्यांपुढे न वाकणारी आणि भेटीत मुलाला खचू न देणारी ही बाई पडद्यावर फार वेळ नसते. तिने मुलाला दिलेला धीर मायेपेक्षा जरबेकडे झुकणारा आहे, आणि तेच मला खरे वाटले. बंदिवानांच्या घरच्यांवर या चित्रपटाने आणखी वेळ खर्च करायला हवा होता. ओलीस कुठे आहेत हे कळू नये म्हणून त्यांना सतत हलवले जाई, तेव्हा त्या शोधाची पायपीट ही याच छळाची दुसरी बाजू होती. आपल्याला भेटीचे प्रसंग दिसतात, पण त्या भेटीपर्यंत पोचण्याची वाट दिसत नाही.

छायालेखक कार्लोस कातालान यांनी अंधाराचे अनेक प्रकार वेगळे राखले आहेत, हे त्यांचे मोठे काम आहे. टोपीच्या कापडातून झिरपणारा उजेड, दाराच्या फटीतली रेघ, आणि उघड्या अंगणात पहिल्यांदा आणल्यावर डोळ्यांना असह्य होणारे ऊन यांत गोंधळ होत नाही. फेदेरिको हुसिद यांच्या पार्श्वसंगीताबद्दल मी इतके अनुकूल बोलू शकत नाही. शांततेची सवय लागलेल्या चित्रपटात ते काही ठिकाणी भावना काय असावी हे आधीच जाहीर करते. सिल्विया पेरेस क्रुस या स्पेनमधील कातालोनियाच्या गायिकेच्या आवाजात एक प्रसिद्ध जुने अमेरिकन गीत एका दृश्यमालिकेवर वाजते. गायन अप्रतिम आहे, त्यातील आर्तता खरी आहे आणि पुष्कळ प्रेक्षकांना हाच चित्रपटाचा शिखरबिंदू वाटतो. मला मात्र तेथे कोठडीपासून दूर नेल्यासारखे वाटले, कारण ते गाणे त्या माणसांच्या कानांपर्यंत पोचणारे नव्हते, ते आपल्यासाठी लावलेले होते.

माझा मुख्य आक्षेप राजकारणाच्या वगळण्याला आहे. ब्रेचनर यांना राजकीय इतिहासपट करायचा नव्हता, अंधारात टिकून राहण्याची गोष्ट सांगायची होती, हे चित्रपट पाहताना स्पष्ट होते आणि ती निवड करण्याचा त्यांना अधिकार आहे. तरीही हे तिघे कोण होते याची जबाबदारी पूर्णपणे झटकता येत नाही. अटकेच्या काही मोजक्या पूर्वस्मृती वगळता, या माणसांनी शस्त्र का उचलले आणि त्या शस्त्राने काय केले याची चर्चाच होत नाही. तुपामारोस संघटनेने १९७० मध्ये दॅन मित्रिओने या अमेरिकन पोलीस सल्लागाराचे अपहरण करून त्याला ठार मारले. पास्कासिओ बाएस या शेतमजुराचा तर एवढाच दोष होता की त्याच्या नजरेला त्यांचे भूमिगत ठिकाण पडले, आणि त्यासाठी त्याचा जीव घेण्यात आला. या गोष्टी सांगितल्याने लष्कराच्या कृत्यांचे समर्थन होत नाही. उलट, ज्याच्या हातून हिंसा घडली आहे अशा माणसालाही साडेअकरा वर्षे बोलू न देणे, औषध न देणे, त्याचे मन मोडण्याचा पद्धतशीर प्रयत्न करणे हे अक्षम्य आहे, असे म्हणण्याचे धैर्य चित्रपटाला दाखवता आले असते. निष्पाप माणसाच्या छळाचा निषेध करायला फारसे काही लागत नाही. येथे त्याहून अवघड आणि म्हणून अधिक मोलाची गोष्ट सांगण्याची संधी होती.

दुसरी उणीव संख्येची आहे. पुरुष ओलीस नऊ होते, चित्रपटात आपण तिघांनाच ओळखतो. उरलेल्या सहांपैकी आदोल्फो वासेम हे कर्करोगाने बंदिवासातच, नोव्हेंबर १९८४ मध्ये, सुटकेला काही महिने उरले असताना वारले. हेन्री एंगलर यांनाही कोठडीत गंभीर भ्रम झाले होते, आणि सुटकेनंतर स्वीडनमध्ये त्यांनी मेंदूच्या विकारांवर, विशेषतः अल्झायमरवर, नावाजलेले संशोधन केले. स्त्री कैद्यांनाही अशाच प्रकारे ओलीस म्हणून छावण्यांत फिरवण्यात आले होते, आणि त्यांचा तर उल्लेखही होत नाही. दोन तासांच्या चित्रपटात सर्वांना जागा देणे शक्य नाही हे मान्य केले, तरी एखाद्या प्रसंगातून या इतरांचे अस्तित्व जाणवायला हवे होते. त्या काळात लोकसंख्येच्या प्रमाणात सर्वाधिक राजकीय कैदी उरुग्वेमध्ये असल्याचे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने म्हटले होते. तीन चेहऱ्यांवर इतके लक्ष एकवटल्याने ही व्याप्ती पडद्याबाहेर राहते.

शेवटाकडे येताना मार्च १९८५ मधील सुटका, तुरुंगाबाहेर जमलेली माणसे आणि घरच्यांच्या मिठ्या हे सर्व येते, आणि मग तिघांचे पुढे काय झाले हे अक्षरांतून सांगितले जाते. मुहिका २०१० ते २०१५ या काळात राष्ट्राध्यक्ष होते, रोसेनकोफ यांनी लेखनाबरोबर मॉन्टेव्हिडिओच्या सांस्कृतिक विभागाची धुरा सांभाळली, उइदोब्रो संरक्षणमंत्री झाले. प्रेक्षक डोळे पुसत उठेल अशी ही मांडणी आहे, आणि सुटकेचा आनंद नाकारण्याचे मला काही कारण दिसत नाही. पण हा विजय जितका पूर्ण दिसतो तितका तो नव्हता. डिसेंबर १९८६ मध्ये संमत झालेल्या कायद्याने लष्करी आणि पोलीस अधिकाऱ्यांवरील खटल्यांची वाट अडवली, आणि १९८९ व २००९ अशा दोन जनमतांनंतरही तो टिकून राहिला. बेपत्ता झालेल्यांच्या शोधासाठी मॉन्टेव्हिडिओत १९९६ पासून दर वर्षी २० मे रोजी लोक मूकपणे मोर्चा काढतात. खुद्द उइदोब्रो यांनी संरक्षणमंत्री असताना लष्कराच्या जुन्या गुन्ह्यांच्या चौकशीबाबत घेतलेल्या भूमिकेवर मानवी हक्क संघटनांनी कडक टीका केली होती. ज्यांनी त्यांना विहिरीसारख्या खोल अंधारात टाकले त्याच सैन्याचा कारभार त्यांच्याकडे आला, आणि त्यांनी त्याला जाब विचारण्याऐवजी सांभाळून घेतले असे अनेकांचे म्हणणे होते. या विरोधाभासातून फार मोठा शेवट उभा राहू शकला असता.

हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला, त्याला कैरोच्या महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक मिळाले, ऑस्करसाठी उरुग्वेने तोच पाठवला, आणि पुढे नेटफ्लिक्समुळे तो जगभरच्या प्रेक्षकांपर्यंत पोचला. इंग्रजी उपशीर्षकांसह पाहताना कुठे अडत नाही, कारण संवाद थोडे आणि छोटे आहेत. मारहाणीची, उपासमारीची आणि मानसिक विकाराची दृश्ये असल्याने लहान मुलांसोबत तो पाहू नये, आणि ज्यांना बंद जागेची धास्ती वाटते त्यांनीही विचार करून पाहावा. महाविद्यालयीन चित्रपट मंडळांनी आणि फिल्म सोसायट्यांनी तो अवश्य दाखवावा. मात्र दाखवण्यापूर्वी १९६८ ते १९७३ या काळातील उरुग्वेबद्दल कुणीतरी अर्धा तास बोलावे, आणि चित्रपट संपल्यावर चर्चेची सुरुवात त्या उरलेल्या सहा पुरुषांपासून आणि ओलीस ठेवलेल्या स्त्रियांपासून करावी.